दोन फॅन एकामागे एक लावले तर हवा वाढेल की नुसता आवाज?

त्रिमूर्तीनगर_मास्तर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत हा विषय मिटवायचा आहे.

मशीन असं: प्रोसेसर रायझन ५ ५६००, त्यावर एका टॉवरचा साधा हीटसिंक (उष्णता काढणारा पत्र्यांचा ठोकळा), ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, मिड-टॉवर केस. समोर सबंध काच आहे आणि हवा काचेच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून आत येते. काचेमागे बारीक नायलॉनची जाळी. समोर १२० मिमीच्या तीन जागा आहेत, त्यांतल्या एकीतच फॅन आहे. मागे एक. दोन्ही आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएम, म्हणजे मदरबोर्डला वेग कमी-जास्त करता येतो असे.

काम अकरावी-बारावीच्या फिजिक्सचे व्हिडिओ रेकॉर्ड करायचं आणि नंतर रेंडर करायचं. माईक टेबलावर, पीसीपासून तीन फुटांवर. रेकॉर्डिंग चालू असताना खोलीतला कूलर बंद ठेवावा लागतो, मग अर्ध्या तासात खोली ३६-३७ वर जाते आणि केसचे फॅन १५५० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास फिरू लागतात. तो आवाज माईकमध्ये येऊन राहिला आहे.

डोक्यात असं आहे की मागच्या जागेवर दोन पी१२ एकाला एक चिकटवून, म्हणजे ५० मिमीचा थर करून लावायचे आणि दोन्ही ९०० वर चालवायचे. दोघं मिळून एका जोरात फिरणाऱ्या फॅनएवढी हवा देतील आणि आवाज कमी होईल, असा माझा हिशेब.

विचारायचं हे: हवा खरंच दुप्पट होते का? मध्ये फट ठेवावी लागते का? आणि दोन्ही एकाच हेडरवर (मदरबोर्डवरची फॅन जोडायची जागा) चालतात का?

---

स्थिरदाब

मास्तर, हिशेब अर्धा बरोबर आहे. दोन हळू फॅन एका जोरातल्या फॅनपेक्षा शांत, हे खरं. पण ते शेजारी-शेजारी लावले तर. एकामागे एक लावल्यावर वाढतो तो दाब, हवा नाही.

गच्चीवरच्या टाकीचा पंप डोळ्यांसमोर आणा. दोन पंप शेजारी लावून एकाच नळात सोडले तर पाणी जास्त येतं, पण उंची तीच राहते. एकाचं पाणी दुसऱ्याच्या तोंडात दिलं तर पाणी तेवढंच, पण ते आणखी एक मजला चढतं. बोअरच्या सबमर्सिबलमध्ये स्टेज वाढवतात ते याचसाठी. फॅनचंही तसंच आहे. एकामागे एक लावलेल्या दोन सारख्या फॅनचा बंद तोंडावरचा (हवेची वाट पूर्ण अडवली असतानाचा) दाब कागदावर दुप्पट होतो. मोकळ्या हवेत मात्र जोडी एका फॅनपेक्षा जेमतेम थोडी जास्त हवा देते, कारण पहिल्यातून जेवढी हवा येते तेवढीच दुसऱ्यातून जाणार.

आता आकडे. पी१२ चे उत्पादकाचे आकडे १८०० आरपीएमला ५६.३ सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे ताशी साधारण ९६ घनमीटर, आणि दाब २.२ मिमी पाणी. हवा आरपीएमच्या प्रमाणात बदलते, दाब आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून ९०० वर एका फॅनची हवा ४८ घनमीटर आणि दाब ०.५५ मिमी. दोन चिकटवले तर दाब जास्तीत जास्त १.१ मिमी, हवा ४८ च्या थोडी वर. हाच १.१ मिमी दाब एकटा फॅन १२७० वर देतो आणि वर मोकळ्या हवेत ६७ घनमीटर देतो. तुमच्या मागच्या जागेवर अडथळा आहे तो फक्त पत्र्यातल्या भोकांचा. तिथे दाबाची टंचाई नाही, त्यामुळे जोडी लावून हवा कमीच होईल.

आवाजाचं गणितही मांडतो. फॅनचा आवाज आरपीएमच्या गुणोत्तराच्या लॉगच्या ५० पट बदलतो, म्हणजे वेग निम्मा केला की सुमारे १५ डेसिबल कमी. सारखे दोन आवाज एकत्र आले की ३ डेसिबल जास्त. १२७० चा एक फॅन काढून ९०० चे दोन चिकटवले तर ७.५ कमी आणि ३ जास्त, म्हणजे निव्वळ साडेचार डेसिबलचा फायदा. तोही कागदावर. प्रत्यक्षात त्यातला बराचसा खाऊन टाकते पहिल्या फॅनमधून निघालेली हवेची गिरकी.

पहिल्या फॅनची हवा सरळ येत नाही, पात्यांच्या फिरण्याच्या दिशेने गिरकी घेत येते. दुसरा फॅनही त्याच दिशेने फिरतो. वाहत्या पाण्याबरोबर वल्हं मारल्यासारखं होतं. पात्याला हवेवर पकड मिळत नाही आणि त्याचं काम कमी होतं. शिवाय पहिल्याच्या मोटर धरणाऱ्या काड्यांमागे हवेत खळगे तयार होतात आणि दुसऱ्याची पाती दर फेऱ्याला ते खळगे कापतात. त्यातून एक सूर निघतो. सरसर आवाज कानाला चालून जातो, सूर टोचतो. आणि तुमच्या माईकलाही तोच आधी ऐकू येईल.

---

खामला_वर्कशॉप

स्थिरदाब भाऊंशी सहमत. मी थेट कामाचं सांगतो.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा. खोलीचं तापमान केसच्या समोर, फटीपासून वीतभर अंतरावर थर्मामीटर ठेवून मोजा. मोबाईलमधल्या हवामानाच्या आकड्यावर जाऊ नका. पाऊण तास सारखा लोड द्या, शेवटच्या दहा मिनिटांची सरासरी घ्या आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करा. आपल्याकडे ही वजाबाकी केल्याशिवाय कोणतीच चाचणी खरी मानू नये. सकाळी ३० ची खोली दुपारी ३८ ची होते, आणि माणूस समजतो नवीन फॅन वाईट.

मग समोरची काच काढून तीच चाचणी पुन्हा. फरक चार-पाच अंशांहून जास्त पडला तर दोष काचेचा आणि जाळीचा आहे. एक-दोन अंशच पडला तर फॅनवर पैसे घालून उपयोग नाही, हीटसिंकची बैठक आणि थर्मल पेस्ट बघा.

माझा अंदाज काचेवरच आहे. आणि समोरच्या दोन रिकाम्या जागा हा त्याहून मोठा घोळ. तुमचा एकुलता फॅन काचेमागच्या पोकळीतून हवा ओढतो. त्याच पोकळीत वरच्या दोन भोकांतून केसमधली गरम हवा परत येते आणि फॅन तीच पुन्हा आत ढकलतो. उदबत्ती लावून रिकाम्या भोकाशी धरा, धूर काचेकडे ओढला जाताना दिसेल.

म्हणून क्रम असा ठेवा. समोर आणखी दोन पी१२ घाला. ते होईपर्यंत दोन्ही भोकांवर पुठ्ठा कापून चिकटपट्टीने बंद करा, एवढ्यानेही फरक पडतो. फॅनची चौकट आणि केसचा पत्रा यांत फट राहत असेल तर दार-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी, ३ मिमी जाड, चौकटीच्या कडेने फिरवा.

हवा किती लागते? पूर्ण लोडला प्रोसेसर ७६ वॉट, कार्ड १७०, बाकी सगळं धरून ३०० माना. हवा आत-बाहेर होताना १० अंशांनीच तापावी असं वाटत असेल तर ३६ अंशांच्या हवेत ताशी साधारण १०० घनमीटर हवा खरोखर वाहिली पाहिजे. गरम हवा पातळ असते, त्यामुळे कोरड्या थंडीतल्यापेक्षा इथे मेमध्ये थोडी जास्तच लागते. समोर तीन फॅन ९०० वर म्हणजे १४४ घनमीटर कागदावर. काच आणि जाळीत निम्मी गेली तरी ७० उरते, म्हणजे आतली हवा खोलीपेक्षा १४ अंश वर. चालण्यासारखं आहे. आज एका फॅनचे ८२ कागदावर आहेत, त्यातले निम्मे काढा म्हणजे कळेल.

आवाज: आज दोन फॅन १५५० वर आहेत. उद्या चार फॅन ९०० वर. वेगामुळे जवळपास १२ डेसिबल कमी, संख्या दुप्पट झाल्यामुळे ३ जास्त. निव्वळ ९ च्या आसपास कमी आणि समोरून हवा पाऊणपट जास्त. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. चिकटवलेल्या जोडीतून एवढं मिळत नाही.

---

त्रिमूर्तीनगर_मास्तर

दोघांचेही आभार. उदबत्तीचा प्रयोग केला, धूर खरंच वरच्या भोकातून काचेकडे जातो. पुठ्ठा आजच लावतो.

दोन शंका. एक, हीटसिंकला दोन्ही बाजूंनी फॅन लावतात तेही एकामागे एकच झालं ना? मग तिथे कसं चालतं? दोन, घर रस्त्याला लागून आहे, धूळ भयंकर. आताच्या जाळीतून बारीक धूळ आत जातेच. जाड फिल्टर लावला तर दाब लागेल. मग तिथे जोडी योग्य ठरते का?

---

स्थिरदाब

पहिल्या शंकेचं उत्तर: हीटसिंकच्या दोन फॅनमध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचा ठोकळा असतो. ते पत्रे हवेची गिरकी मोडून ती सरळ करतात आणि अडथळाही तोच आहे. म्हणून दाब कामी येतो. तरी दुसऱ्या फॅनचा फायदा बहुतेक हीटसिंकवर एक ते तीन अंशांचाच असतो. पत्रे दाट आणि ठोकळा जाड असेल तर जास्त, विरळ असेल तर काहीच नाही. मात्र दुसरा फॅन लावून दोन्हींचा वेग कमी करता येतो, हा आवाजाच्या बाजूचा फायदा खरा. वॉटर कूलिंगच्या रेडिएटरलाही हेच. ३० मिमीच्या पातळ रेडिएटरला एकच बाजू पुरते, ४५-६० मिमीच्या दाट रेडिएटरला दोन्ही बाजूंचे फॅन शोभतात.

दुसरी शंका जास्त मोलाची आहे. हळू फॅन जाळीमागे का मरतो, ते बघा. वेग निम्मा केला की फॅनचा दाब चौथाई होतो. पण बारीक जाळीचा किंवा जाड कापडी फिल्टरचा अडथळा हळू हवेत साधारण हवेच्या प्रमाणातच घटतो, म्हणजे निम्माच होतो. फॅनची ताकद चौथाई, ओझं निम्मं. खसच्या ताटीवर क्षार चढून ती गच्च झाली की कूलरचा पंखा फिरतोय पण वारं नाही, असं होतं ना, तेच. अशा ठिकाणी जोडीला अर्थ आहे.

तरी पहिला उपाय फिल्टरचं क्षेत्रफळ वाढवण्याचा. हवा तेवढीच पण फिल्टर दुप्पट मोठा असेल तर त्यातून जाणारा वेग निम्मा आणि अडथळाही निम्मा होतो. एका १२० च्या भोकावर घट्ट बसवलेला फिल्टर आणि तीनही भोकांसमोर फॅनपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर ठेवलेला सलग फिल्टर, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जागा असेल तर हे करा, जोडीची गरज पडणार नाही.

---

ध्वनी_आणि_धूळ

मास्तर, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी मशीन ३०० वॉट खातच नाही. स्क्रीन आणि कॅमेरा टिपताना कार्डातला एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) काम करतो, प्रोसेसर बराच वेळ रिकामा असतो. तेव्हा लागणारी हवा पूर्ण लोडच्या एक तृतीयांशही नाही. मग फॅन १५५० वर का जातात? कारण केस फॅन प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले आहेत. या प्रोसेसरचं तापमान एक खिडकी उघडली तरी क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि परत येतं. ३७ च्या खोलीत ती उडी तुमच्या कर्व्हच्या (किती तापमानाला फॅनचा किती वेग, त्या आलेखाच्या) चढणीवर पडते.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) केस फॅनचा आधार प्रोसेसरऐवजी मदरबोर्डच्या सिस्टीम सेन्सरवर द्या. तो हळू तापतो, हळू निवतो. ते जमत नसेल तर स्टेप-अप आणि स्टेप-डाउनची (वेग वाढायच्या आणि उतरायच्या आधी थांबायची) वेळ जेवढी जास्त मिळेल तेवढी द्या. कर्व्ह ६० अंशांपर्यंत सपाट ठेवा, ८०० आरपीएमवर. त्यापुढे ७५ ला ११००. रेंडर रात्री लावा, तेव्हा माईक बंद आणि कूलर चालू. कूलरच्या आवाजात १३०० चा फॅन कोणाला ऐकू येतो?

आणि दोन कर्व्ह ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. एक मार्च ते जून, एक बाकी वर्षाचा. बहुतेक बायोसमध्ये प्रोफाइल साठवता येतात. डिसेंबरात आपल्याकडे खोली उन्हाळ्यापेक्षा १५ अंश थंड असते. मेचा कर्व्ह तेव्हा फुकट आवाज करतो, आणि नेमका तेव्हा कूलरचा आडोसा नसतो.

आता एकापेक्षा जास्त सारख्या फॅनचा त्रास. पीडब्ल्यूएम सारखा दिला तरी दोन फॅन अगदी सारखे फिरत नाहीत. वेगात १० टक्क्यांपर्यंतचा फरक कित्येक उत्पादक आपल्या कागदावरच मान्य करतात. पी१२ ला पाच पाती. ९०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५ फेरे, पाती मोजली तर ७५ हर्ट्झ. शेजारचा ९३० वर असेल तर ७७.५ हर्ट्झ. दोन्हींतला फरक अडीच, म्हणून सेकंदाला दोन-तीनदा ऊँऽऽ-ऊँऽऽ असा झोका येतो. फॅन एकामागे एक चिकटवलेले असतील तर तो अजून ठळक, कारण दोन्ही सूर एकाच भोकातून निघतात. उपाय: फॅन वेगळ्या हेडरवर घ्या आणि मुद्दाम १०० आरपीएमचं अंतर ठेवा. मग तो झोका सेकंदाला आठ-दहा वेळा होतो, कान त्याला नुसती खरखर समजतो. समोरचे तीन असतील तर ८००, ९००, १००० असे.

माईकचंही सांगते. कार्डिऑइड माईक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. माईकची पाठ बरोबर पीसीकडे करा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर दाबणारा फिल्टर) लावा, पुरुषाच्या आवाजाचं त्यात फारसं काही जात नाही आणि पात्यांचा मूळ सूर बराच दबतो. त्याचे वरचे सूर राहतात, ते फॅनच्या मागे-पुढे जाळी पात्याला किती जवळ आहे यावर अवलंबून असतात. हवा ओढणाऱ्या बाजूला पत्र्याची जाळी पात्याला चिकटून असेल तर सूर हमखास वाढतो. बाहेर टाकणाऱ्या बाजूला तेवढा नाही.

---

सर्व्हर_रूम_४०मिमी

एकामागे एक फॅन वाईटच, असं सरसकट म्हणू नका. १यू म्हणजे सर्वांत चपट्या सर्व्हरमध्ये ४० मिमीचे जोडफॅन असतात, ५६ मिमी जाड, आणि सगळी डेटा सेंटर त्यावर चालतात. मग इथे का नाही?

---

स्थिरदाब

त्या जोडीतला दुसरा फॅन उलट दिशेने फिरतो. त्याची पातीही उलट वळणाची घडवलेली असतात. पहिल्याची गिरकी दुसऱ्याला समोरून भेटते, तो तिच्यातली शक्ती परत मिळवतो आणि हवा सरळ करून सोडतो. बाजारातले दोन १२० चे फॅन दोन्ही एकाच दिशेचे. एक उलटा करून लावला तर हवाही उलटी फिरेल, म्हणून ती पळवाट नाही. आणि त्या सर्व्हरजवळ उभं राहून बोलता येत नाही, हेही मास्तरांच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे.

---

खामला_वर्कशॉप

जाड फिल्टरसाठी कोणाला जोडी करायचीच असेल तर ती नीट कशी करायची, ते लिहितो. पुढे हाच प्रश्न घेऊन येणाऱ्यालाही उपयोग होईल.

दोन फॅन एकाच मॉडेलचे घ्या. घरात पडलेला जुना आणि नवा अशी जोडी करू नका. जोरदार फॅनची हवा कमजोर फॅनच्या कमाल हवेच्या पुढे गेली की कमजोर फॅन ढकलत नाही, उलट वाऱ्यावर भिरभिरत अडथळा होऊन बसतो. फ्रेमवरचे बाण बघा. बाण नसेल तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. दोन्हींच्या काड्या एकाच दिशेला.

मध्ये २५ मिमीची जागा सोडा. त्यासाठी बिघडलेल्या १२० च्या फॅनची रिकामी चौकट सगळ्यांत चांगली. कटरने चारही काड्या मुळाशी कापा, मोटर आणि पाती बाहेर काढा, उरलेले खुंट कानशीने घासून सपाट करा. हीच रिकामी चौकट रेडिएटर आणि फॅनमध्ये बसवली तर मोटरच्या गोल भागामागे जिथे हवा पोचत नाही तो टापूही भरून निघतो.

चौकट नुसती रिकामी ठेवली तर गिरकी थोडीच कमी होते. ती मोडायला आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी लागते. ६ मिमी व्यासाच्या स्ट्रॉचे २५ मिमीचे तुकडे करा. लांबी व्यासाच्या चौपट पडते, गिरकी मोडायला तेवढी पुरते. एका चौकटीत तीनशे-साडेतीनशे तुकडे बसतात, म्हणजे २० सेंटिमीटरच्या चाळीस-पंचेचाळीस स्ट्रॉ. सगळे उभे दाटून भरा, कोणत्याही एका कडेला बोटाने फेव्हिकॉल लावून जोडा आणि रात्रभर वाळू द्या. कात्रीने कापल्या की तोंडं चेपतात, धारदार ब्लेडनेच कापा. तोंड चेपलेला तुकडा फेकून द्या, तो हवा अडवतो.

बांधणी: २५ चे तीन थर, ७५ मिमी. फॅनबरोबर येणारे स्क्रू एवढे लांब नसतात. एम४ चा आटे असलेला रॉड घेऊन ९० मिमीचे चार तुकडे पाडा, दोन्ही टोकांना रबरी वॉशर आणि नायलॉन असलेले नट. ते नसतील तर लांब केबल टाय चार कोपऱ्यांतून ओवले तरी चालतात, उलट कंपन कमी जातं. नट हाताने घट्ट होईल तेवढेच आवळा, पाना लावून अर्धा फेरा, बस. जास्त आवळलं की चौकट पिळते. काही फॅनमध्ये पात्याचं टोक आणि चौकट यांत अंतर फार कमी असतं. नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ मध्ये ते अवघं अर्धा मिमी आहे. पिळलेल्या चौकटीत पातं घासायला वेळ लागत नाही. रेडिएटरवर बसवत असाल तर २५ मिमीच्या फॅनला ३० मिमीचाच स्क्रू. ३५ चा घातला तर तो थेट पाण्याच्या नळीत घुसू शकतो.

वीज: मदरबोर्डच्या फॅन हेडरची मर्यादा सहसा १ अँपिअर असते. तुमच्या फॅनच्या स्टिकरवरचे आकडे बेरीज करून बघा, १२० चे दोन-तीन सहज बसतात. स्प्लिटर लावला तर वेगाची तार एकाच फॅनची जोडलेली हवी. दोन्हींची जोडली तर आरपीएम भलताच दिसतो. आणि इथेच जोडीचा खरा धोका आहे. ज्या फॅनची तार जोडलेली नाही तो बंद पडला तर बोर्डाला कळत नाही, आणि बंद फॅन वाटेत आडवा उभा राहतो. म्हणून जोडीतले दोन फॅन दोन हेडरवर द्या आणि बायोसमध्ये दोन्हींची फॅन-फेल सूचना चालू करा. शेजारी लावलेल्यातला एक बंद पडला तर उलट त्रास, तो भोक होतो आणि बाकीच्यांची हवा त्यातून परत फिरते. तोही वेळेवर कळायला हवा.

मास्तर, तुमच्या मागच्या जागेत एक गोष्ट टेप लावून मोजा. ७५ मिमीचा थर आत आला तर हीटसिंकचा मागचा फॅन किंवा व्हीआरएमचा (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाचा) पत्रा आड येईल. माझ्या मते तिथे जोडी बसतच नाही.

---

त्रिमूर्तीनगर_मास्तर

मोजलं. मागे हीटसिंकपर्यंत ६२ मिमी आहेत. म्हणजे तो बेत संपला. समोर दोन पी१२ घेतो, फिल्टर सलग आणि फॅनपासून दोन सेंटिमीटर पुढे ठेवतो, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे सेन्सर बदलतो. सेन्सर आत्ताच बदलून पाहिला. रेकॉर्डिंगमध्ये फॅन ८०० वरून हलला नाही.

एकच राहिलं. खोलीत कूलर चालू असताना पीसी कुठे ठेवावा? आता कूलरच्या समोरच आहे, थंड हवा थेट मिळावी म्हणून.

---

ध्वनी_आणि_धूळ

थेट झोतात नको. ताटी ओली झाल्यावर कूलर बारीक तुषार फेकतो आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. तुषार सुकला की क्षार जाळीवर आणि पत्र्यांवर पांढरे बसतात, वर धूळ चिकटते. असा थर ब्लोअरने निघत नाही, ब्रश घेऊन एकेक पत्रा घासावा लागतो. पीसी झोताच्या बाजूला, चार-पाच फूट दूर ठेवा, म्हणजे गारवा मिळतो पण थेंब मिळत नाही. केसची मागची बाजू उघड्या खिडकीकडे. कूलर चालवताना खिडकी उघडी हवीच, नाहीतर दमटपणा साचतो आणि कूलरचा गारवाही जातो.

---

खामला_वर्कशॉप

आणि म्हणूनच कोणी ती स्ट्रॉची जाळी कूलरच्या खोलीत वापरणार असेल तर कागदी स्ट्रॉ कच्च्या वापरू नका. प्लॅस्टिकच्या २०२२ पासून बंद आहेत, त्यामुळे दुकानात कागदीच मिळतील. भरून झाल्यावर पारदर्शक लॅकरचे दोन हलके फवारे दोन्ही बाजूंनी मारा, दोन फवाऱ्यांत तासभर अंतर ठेवा. नाहीतर जूनपर्यंत तोंडं फुगून बंद होतील. थ्रीडी प्रिंटर असेल तर ६ मिमीच्या षटकोनांची जाळी पीईटीजी प्लॅस्टिकमध्ये छापून घ्या, भिंतीची जाडी ०.८ मिमी पुरे.

मास्तर, ते दोन फॅन बसवले की समोरचा पुठ्ठा काढायला विसरू नका.